बाभळीजवळचा हॉर्न

"ती बाभूळ आली की दोनदा हॉर्न मारा, सायेब," शेजारी बसलेला म्हातारा म्हणाला.

"कशाला?"

"खूण हाय आमची."

गाडी चालवणाऱ्या हेरंबनं बाहेर नजर टाकली. चहूकडे उजाड माळ, रस्त्यावर चिटपाखरू नाही, मग खूण कुणाला? बाजाराची पिशवी घेऊन उन्हात उभा दिसला म्हणून याला गाडीत घेतलं, तेच नडलं! बाभळीमागं याचे साथीदार दबा धरून बसले असणार. लांबून झाड दिसलं, तसा म्हाताऱ्यानं स्वतःच हॉर्नकडं हात नेला. हेरंबनं करकचून ब्रेक दाबला.

"उतरा! आत्ताच्या आत्ता!"

म्हातारा गोंधळला, पण उतरला. हेरंबनं गाडी सुसाट सोडली.

बाभळीखाली एक म्हातारी तेवढी बसली होती, दोन्ही डोळ्यांत फुलं पडून आंधळी झालेली. गाडीचा आवाज ऐकून ती काठी टेकत थेट रस्त्यावरच आली, तेव्हा त्याला थांबावंच लागलं. दार चाचपत तिनं हात पुढं केला.

"आज हॉर्न न्हाई मारला व्हय? द्या पिशवी हिकडं."

हेरंबनं मागं वळून पाहिलं. म्हाताऱ्याची पिशवी मागच्या सीटवरच राहिली होती.