कात्रीला लागलेला वेळ

“कात्री,” खंडू म्हणाले. एवढं म्हणायला त्यांनी इतका वेळ लावला, की आम्रपालीने स्टॉपवॉच बंद पडलंय की काय म्हणून हलवून पाहिलं.

पुढचं चित्र कुलपाचं होतं. खंडूंनी कुलपाकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, खिडकीतून मोशीच्या नव्या इमारतींकडे पाहिलं. मग दूरच्या पाहुण्याचं नाव आठवावं तसं म्हणाले, “कुलूप.”

“बाबा, जमेल तितक्या लवकर सांगायचंय.”

“लवकरच सांगतोय की!”

कार्डं पेटीत गेली आणि खंडूंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. शेजारच्या उद्धवरावांनी स्कूटर पुन्हा कशी आडवी लावली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आपण सेक्रेटरीला कसं गार केलं. आम्रपाली आकडे उतरवत नुसतं हं हं करत होती.

ती मानसशास्त्रज्ञ होती. पक्षाघाताने ज्यांची वाचा जाते, त्यांच्यावर तिचं सारं संशोधन. शब्द मेंदूत असतो, जिभेवर येत नाही. तो यायला किती वेळ लागतो, हे मोजण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती. तुलनेला धडधाकट माणसंही लागत. पिंपरी-चिंचवडात रिटायर कामगारांना काय तोटा! त्यांच्यावरचा तिचा एक निष्कर्ष बराच गाजला होता. कंपनीतून निवृत्त झालेल्यांना साधे शब्दसुद्धा उशिरा सुचतात. कारण तिने दिलं होतं, जन्मभर ऐकलेला यंत्रांचा गोंगाट. त्या दिवशी बाबांनी मात्र सगळ्यांवर कडी केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी खंडू चहाचा कप घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं. “बरं,” ते म्हणाले. कप हातातून सुटला. मग पुन्हा, “बरं.”

पक्षाघाताच्या त्या झटक्यानंतर त्यांच्याजवळ तेवढा एकच शब्द उरला. पुढे चालणं सुधारलं, उजवा हात मात्र लुळाच राहिला. समजत तर सगळंच होतं. बाकीचे शब्द काही परतले नाहीत.

“घरातच एवढी तज्ज्ञ मुलगी आहे, काळजी कसली?” भेटायला येणारे म्हणत. आम्रपाली पाणी आणायच्या निमित्ताने उठून जाई. आदल्याच दिवशी ती बाबांच्या समोर बसली होती. शब्द अडत होते. आजार दारात येऊन उभा होता आणि तिने त्याची वेळ तेवढी नोंदवली. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. ती रोज कार्डं काढायची, रोज वेळ मोजायची.

एका रविवारी ज्योतीराम आले. चाकणच्या कंपनीत, प्रेस शॉपमध्ये, खंडूंच्या शेजारच्या मशीनवर त्यांनी उभी हयात काढली होती.

“काय खंड्या, किती दिवस दांडी मारायची?”

“बरं!” खंडू खुलले.

प्रेस शॉपमध्ये यंत्रांच्या धडधडाटात कानात ओरडलं तरी ऐकू जात नसे. तिथे सगळे हातांनीच बोलत. त्यामुळे एक ‘बरं’ आणि एक डावा हात एवढ्यावर दोघांच्या गप्पा झकास रंगल्या.

आम्रपालीने कार्डं आणि स्टॉपवॉच आणलं. खंडूंनी डाव्या हाताने उजव्या मनगटावर टिचकी मारली आणि तळवा हवेत हळूहळू खाली दाबला. ज्योतीरामांना चहाचा ठसकाच लागला.

“काका, काय म्हणाले बाबा?”

“काय न्हाई गं.”

“काका!”

ज्योतीरामांनी खंडूंकडे पाहिलं. खंडू छताकडे पाहत होते.

“सांगतो. आता कोण काढून टाकतंय आमाला! अगं, कंपनीत घड्याळवाला साहेब यायचा. एका नगाला किती वेळ लागतो ते मोजायला. आपण भराभर काढून दाखवले, की तेवढं टार्गेट कायमचं मानगुटीवर बसलंच. म्हणून तो दिसला की ही खूण व्हायची. घड्याळ आलंय, हात जड करा. तुझा बाप त्यात वस्ताद! साहेबाला घाम फुटायचा, पण खंड्याचा नग काय पडायचा न्हाई.”

“म्हणजे बाबा माझ्यासमोर…”

“तुझ्यासमोर न्हाई, पोरी. घड्याळासमोर. मागं माझी पण परीक्षा घेतलीस ना? हत्ती ओळखायला मी केवढा वेळ लावला! हत्ती काय आमाला ठावं न्हाई व्हय?”

आम्रपालीच्या डोळ्यांपुढून तो गाजलेला निष्कर्ष गेला. तिने त्याला जाऊ दिलं.

“बाबा,” तिने विचारलं, “आजारी पडायच्या आदल्या दिवशी कात्री दाखवली होती. तेव्हाही मुद्दाम?”

खंडूंनी तिच्याकडे पाहिलं. मग छाती पुढे काढली, आणि बक्षीस घ्यायला उठावं तशा थाटात म्हणाले, “बरं!”

म्हणजे तो दिवस साधाच होता. बाबा ठणठणीत होते आणि तिला उल्लू बनवत होते.

आम्रपाली हसायला लागली. हसता हसता डोळ्यांना पदर लावायची वेळ आली, तरी हसू थांबेना. ज्योतीराम घाबरून पाण्याचा ग्लास शोधू लागले.

“एक नंबरचे लबाड आहात तुम्ही,” ती म्हणाली. खंडूंनी नम्रपणे मान झुकवली.

तिने कार्डं पलंगाखाली सरकवली. स्टॉपवॉच ज्योतीरामांच्या खिशात टाकलं. हात मोकळे झाले, आणि बाबांशी काय बोलायचं ते तिला सुचेना. शब्द यायला बराच वेळ लागला. तो कुणी मोजला नाही.

“बाबा, तुमच्या बडबडीशिवाय मला घरात करमत नाही हो.”