पुलावरची चप्पल

कृष्णेचा पूल आला तशी बिनचालकाच्या गाडीची काच चार बोटं खाली सरकली. नदीत नाणं टाकायची सवय लोक काही सोडेनात, म्हणून एवढी सोय ठेवली होती. एरवी गाडी कडेकोट बंद.

इंदुमतीबाईंनी नाणं टाकलं. कठड्याशी एक चप्पल, एक काठी आणि माकडटोपी पडली होती.

"कसली विसराळू माणसं, अहो!" त्या हसल्या. दिगंबररावही हसले.

कोल्हापूरला धाकट्याच्या दारात गाडी थांबली, पण उघडेना. म्हाताऱ्या माणसांना घरच्यांनी फोनवरून होकार देऊन उतरवून घ्यायचं, असा नियमच होता. गाडीत धाकट्याचा आवाज आला, "बाबा, या महिन्यात दादाची पाळी आहे." गाडी वळली.

सांगलीला थोरला म्हणाला, "आमच्याकडे तीन महिने झाले की! आता त्याने बघावं." गाडी पुन्हा वळली.

तिसऱ्यांदा पूल आला तेव्हा समोरच्या गाडीच्या फटीतून एका म्हातारीचा हात बाहेर आला. हातातून नाणं नाही, चष्मा पडला.

इंदुमतीबाई बघतच राहिल्या. "हरवलेलं नाही हो यातलं काही. टाकलंय. कुणीतरी थांबावं म्हणून."

दिगंबररावांनी घाईघाईने पायातली चप्पल काढली. काच वर सरकायला लागली होती.

"चप्पल नको," त्या म्हणाल्या. "चप्पल बघून आपण हसलो होतो. तुमची कवळी द्या."