नाव पुसलेले बाण

सरावाचे सगळे बाण पुन्हा डावीकडेच गेले. नवेकोरे, महागडे बाण! अंतिम फेरी तोंडावर आलेली, मृदुला अगदी रडकुंडीला आली.

तेवढ्यात मागून वैजूताई आली. कालच मृदुलाने तिला हरवून स्पर्धेबाहेर काढलं होतं. ताईने एक बाण हातात घेऊन हलकेच वाकवून पाहिला.

"अगं, तुझ्या धनुष्याला हे फार ताठ होतात. सुटताना बाण जरासा लवायला हवा. माझे घे. आपली धनुष्यं सारखीच आहेत, हातांची लांबीही."

"पण ताई, त्यांच्यावर तुझं नाव आहे. पंच चालू देणार नाहीत."

ताईने रुमालाला स्पिरिट लावलं, एकेका बाणावरचं स्वतःचं नाव पुसलं आणि तिथे मृदुलाचं लिहिलं.

मृदुला जिंकली. बाण घेऊन ती ताईकडे गेली. मग ताईशेजारी बसून ती बाणांवरचं आपलं नाव पुसू लागली आणि वळणदार अक्षरात ताईचं लिहू लागली.

शेवटचा बाण ताईने तिच्या हातातून काढून घेतला.

"यावर तुझंच राहू दे. पुढच्या वर्षी कुणाला हरवायचंय, ते रोज माझ्या डोळ्यांसमोर हवं."