बंद करण्याआधी

कापसाचे भाव पडले, तशी जिनिंगवाल्यांना संगणक पुरवणाऱ्या यवतमाळच्या कंपनीनं माणसं कमी केली. संगणकाच्या कर्नलचं, म्हणजे प्रोसेसरला काम वाटून देणाऱ्या गाभ्याच्या प्रणालीचं काम पाहणाऱ्या शीलाला साहेबांनी सकाळी उभ्याउभ्याच काढलं. दुपारी त्यांचाच फोन आला.

“एक प्रोसेसर बंद केला, तर शेजारचा चालू प्रोसेसरही अडकला. जाता जाता काय घाण करून ठेवली व?”

“बंद केलेल्याचं मागं राहिलेलं सारं काम त्या एकट्यावर पडलं, साहेब. आधी ते काढून सगळ्यांत वाटा लागते, मग बंद करा लागते.”

“मग कर्नलमध्ये तसं लिहिलं काहून नाही?”

“सकाळी तेच लिहून राह्यली होती.

 

मले काढलं तेव्हा विचारलं काय, हातात काय काम आहे म्हणून?”