समोरासमोर

लेकीने माझ्यावर उजेड पाडायचं मनावरच घेतलं. दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "बाबा, नुसती काळी सावली दिसते तुमची." मग तिच्या सांगण्यावरून मी खिडकीकडे तोंड करून बसलो, लॅपटॉपखाली चार जाडजूड शब्दकोश रचले, टेबललॅम्प तोंडासमोर आणला. चाळीस वर्षं छापखान्यात मी लोकांच्या प्रुफांतल्या चुका काढल्या, आता ती माझ्या काढत होती.

"चष्म्यात दिवा चमकतोय. काढा बघू."

काढला.

"आणि सारखं खाली काय बघता? कॅमेऱ्यात बघून बोला, म्हणजे माझ्याकडे बघताय असं वाटेल."

कॅमेऱ्याशेजारी मी लाल कागदाचा तुकडा चिकटवला आणि तासभर त्याच्यावरची नजर हलू दिली नाही. खाली पडद्यावर लेक म्हणजे एक पुसट निळा डाग होता.

"आता कसं समोरासमोर बसल्यासारखं वाटतं," ती म्हणाली आणि बराच वेळ गप्प राहिली. मला वाटलं, रेंज गेली.

संध्याकाळी माझ्या बहिणीचा फोन आला. "दादा, पोर आत्ता माझ्याशी व्हिडिओवर बोलली. रडून रडून डोळे सुजलेत तिचे, आणि तू साधं 'काय झालं' म्हणूनही विचारलं नाहीस?"

लाल कागद अजून तिथेच होता.

"अगं," मी म्हणालो, "तासभर तिच्या डोळ्यांतच तर बघत होतो."