रुमालातल्या बांगड्या

“बांगड्या!” निशिकांतराव कुजबुजले.

“बांधल्यात हो,” म्हणत मधुमतीबाईंनी दोन्ही हात त्यांच्या नाकासमोर नाचवले. मनगटांवर जावयाचे दोन रुमाल करकचून आवळलेले होते. उतरवायला सांगायची निशिकांतरावांची छाती नव्हती. नवरा धडधाकट समोर उभा असताना हात मोकळे करायला बाई काय वेड्या होत्या? आणि याच हट्टापायी निशिकांतरावांनी त्यांना जन्मात कधी शिकारीला नेलं नव्हतं. तळ्यावर बांगडी किणकिणली की पाखरू उठलंच म्हणून समजा.

आता बंदूक सरकारजमा होऊन जमाना झाला होता. हातात होती ती जावयाची दुर्बीण, आणि पायाखाली लेकीच्या परदेशातल्या सुंगेई बुलोह या पाणथळ अभयारण्याची लाकडी पायवाट. दोन्ही बाजूंना खारफुटी, ओहोटीने उघडा पडलेला काळा चिखल. त्यांना सेम्बावांगच्या घरून इथे घेऊन आलेली लेक मागच्या शेडमध्ये लॅपटॉप उघडून ऑफिसच्या कॉलवर बसली होती. “अप्पा, रेलिंगवरून वाकायचं नाही हं,” अनघाने जाताना बजावलं होतं. “इथे मगरी आहेत. खऱ्या!”

समोरून एक भलीमोठी घोरपड डुलत पायवाट ओलांडून गेली.

“चाल अगदी तुझ्या दादाची,” निशिकांतराव म्हणाले.

“आणि जीभ तुमची. चला पुढे.”

वळणाशी ते थबकले. चिखलाकडून बारीक शिट्टी आली होती. म्हाताऱ्याचा चेहरा असा उजळला म्हणता! “अडई,” ते म्हणाले. “मधू, अडया आहेत! हलू नकोस.” त्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. “वा! काय ऐटीत बसल्यात बघ.”

बाईंनी पाहिलं. तपकिरी पाखरांचा थवा डाव्या हाताला चिखलावर बसला होता. निशिकांतराव उजवीकडे बघत होते. तिथे नुसतं पाणी होतं.

बाईंनी एकदा थव्याकडे, एकदा दुर्बिणीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, “अहो, कधीपासून?”

“काय कधीपासून?”

“मला बनवू नका.”

निशिकांतरावांनी दुर्बीण खाली घेतली. “दिवाळीपासून. मधलं सगळं पुसल्यासारखं झालंय. कडेकडेचं दिसतं अजून. डॉक्टर म्हणाला, तेही जाईल. अनघाला सांगितलं असतं तर तिने इथल्या हॉस्पिटलात नेऊन बसवलं असतं. मला अजून एकदा अडई बघायची होती गं. बस. मग डोळे गेले तर गेले.”

बाईंना रडू आलं आणि रागही आला. दोन्ही त्यांनी गिळलं. “मी सांगते,” त्या म्हणाल्या, “तुम्ही ऐका. तपकिरी आहेत. बदकासारख्या.”

“बदकच असतं ते! मान कशी आहे? पंखावर तांबूस दिसतं का?”

“दिसतं. मान लांब आहे. एक एका पायावर झोपलीय. दुसरी तिला चोच मारतेय, उठ म्हणून. तुम्हाला मी सकाळी उठवते ना, तश्शी.”

निशिकांतराव हसले, आवाज न करता. आयुष्यभर त्यांनी या पाखरांना टिपलं होतं आणि परसातल्या वेगळ्या चुलीवर स्वतःच शिजवलं होतं. बाई मागच्या दारात नाकाला पदर लावून उभ्या राहायच्या आणि “किती?” एवढंच विचारायच्या. आज त्याच बाई एकेक पीस बघून सांगत होत्या. सांगता सांगता मध्येच थांबल्या.

“काय झालं?”

“काही नाही. एक लाकूड वाहत येतंय त्यांच्याकडे.”

“पाणी कुठे जातंय?”

“पाणी? पाणी उलट जातंय हो.”

निशिकांतरावांचा हात रेलिंगवर घट्ट झाला. “लाकूड नाही ते, मधू.”

बाईंनी पुन्हा निरखून पाहिलं. लाकडाला आता दोन डोळे दिसत होते. काठाशी ती झोपाळू अडई अजून एका पायावरच उभी होती. “उडवू का त्यांना? पण उडाल्या की गेल्या. तुमचं बघायचं राहिलंय.”

पाखरू बसलेलं असताना आवाज करणं हे निशिकांतरावांच्या रक्तातच नव्हतं.

“बांगड्या,” ते म्हणाले. “वाजव, मधू. जोरात!”

बाईंनी दातांनी गाठी सोडल्या, रुमाल भिरकावले आणि दोन्ही हात वर करून अशा काही झडझडवल्या बांगड्या, की मागे शेडमध्ये अनघासुद्धा दचकून उभी राहिली. “हुर्र! उडा गं बायांनो!” सगळा थवा शिट्ट्या घालत उठला. चिखलात धप्पकन काहीतरी आदळलं, जबडा मिटल्याचा आवाज झाला आणि पाणी ढवळून निघालं.

थवा वळला आणि पायवाटेच्या कडेने, अगदी जवळून गेला. निशिकांतरावांनी मान तिरकी केली. “दिसल्या!” ते लहान पोरासारखे ओरडले. “मधू, कडेने गेल्या! तांबूस पंख, सगळं दिसलं मला!” शिट्ट्या खारफुटीपलीकडे विरेपर्यंत ते तसेच, मान तिरकी करून उभे राहिले.

मग त्यांनी विचारलं, “किती?”

बाईंनी रिकामा काठ नीट पाहून घेतला.

“एकही नाही,” त्या म्हणाल्या. “झोपाळूसुद्धा उडाली.”

त्यांनी पायाशी पडलेले रुमाल उचलले आणि सवयीने पुन्हा मनगटाला गुंडाळायला घेतले. निशिकांतरावांनी चाचपडत ते त्यांच्या हातातून काढून घेतले आणि स्वतःच्या खिशात कोंबले.

“असू दे,” ते म्हणाले. “चालताना वाजत राहू देत. मला कळेल, कुठे आहेस ते.”