चौथ्या खोलीचं कुलूप

मल्हार दाराला पाठ लावून उभा राहिला. समोर आकाराम माने. त्यांच्या हातात हातोडा.

"बाजूला हो. खोली माझी हाय."

"तुमचीच हाय. पर कुलूप तोडू देणार न्हाई."

आकाराम फौजेतून सुभेदार होऊन परतले आणि त्यांनी शिरवळात, कंपन्यांच्या रस्त्याला, भाड्यासाठी चार खोल्या बांधल्या. चौथीत आटपाडीकडचा मल्हार कोळेकर बायकोला घेऊन राहत होता. महिन्यापूर्वी त्यानं बिऱ्हाड जवळच्या खंडाळ्याला हलवलं. किल्ली मात्र दिली नाही. आकारामांनी फोनवर शिव्या घातल्या, पोलिसांची भीती घातली. मल्हारचं एकच, "आधी वायरमन बोलवा, मग किल्ली." आज आकारामांनी नवा भाडेकरूच आणून उभा केला. शेजाऱ्यांनी कळवलं तसा मल्हार कामावरून धावत आला.

नवा भाडेकरू शिवतेज टेम्पोपाशी वैतागून उभा होता. त्याची बायको प्रांजल लेकीला कडेवर घेऊन दाराशी आली होती. गादी खाली उतरली होती.

"मेंढरामागं हिंडणारी तुमची जात," आकाराम ओरडले. "डोक्यावर स्लॅब मिळाला तर मालकच झालास व्हय रं? खोली बळकावायची हाय तुला!"

मल्हारच्या मुठी आवळल्या. तरी तो हलला नाही.

शिवतेज पुढं आला. "तुम्ही राहत नाही, मग अडवताय कशाला? आम्ही काय रस्त्यावर झोपायचं?"

मल्हारनं त्याच्याकडं पाहिलं. मग प्रांजलच्या कडेवरच्या पोरीकडं.

"पावसाळ्यात माझी बायको सोनम न्हाणीत कपडे धूत हुती. नळाला हात लावला आन् फेकली गेली. तिचा डावा हात अजून वर जात न्हाई. मालकांना तवाच सांगितलंय."

"नाटकं हायती तिची!" आकाराम उसळले. "नळात करंट-बिरंट काय न्हाई. मी सोता हात लावून बघितलाय."

मल्हारनं खिशातून किल्ली काढली. कुलूप उघडलं. किल्ली आकारामांच्या तळहातावर ठेवली आणि बाहेरच्या बोर्डावरचं मेन स्विच खटकन चालू केलं.

"आवं, मग परत एकदा बघा. चप्पल काढा आन् नळ धरा. ह्यांची गादी मी सोता आत टाकतो."

आकाराम तरातरा न्हाणीच्या दारापर्यंत गेले. मागं सगळी आळी गोळा झाली होती. त्यांनी नळाकडं हात केला. हात मध्येच थांबला.

"उद्या बघू त्याचं," ते वळून म्हणाले. "तुमी सामान तर लावून घ्या."

प्रांजल त्यांच्या पायांकडं बघत होती. चप्पल पायातच होती.

तिनं लेकीला छातीशी घट्ट धरलं. शिवतेजनं टेम्पोवाल्याला हाक मारली, "भाऊ, गादी परत वर चढवा."